नळवाल्या भाऊचा नळ

ग्रामपंचायतीत मी कामाला लागले त्या दिवशी ग्रामसेवक साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. सहा कप. चहा संपला तसा दाराशी उभा असलेला एक उंच, वाळका माणूस कप खाली ठेवून म्हणाला, "गेला पाऊन घंटा."

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटंही झाली नव्हती. मला वाटलं या माणसाला घड्याळ कळत नसेल. साहेब हसत म्हणाले, "अहो, ते मोटारीचं बोलताहेत. तीस रुपये चहाचे झाले ना? तेवढ्यात आपली नळाची मोटार पाऊण तास चालते."

हे आमचे नळवाले भाऊ. नदीकाठच्या विहिरीवरची मोटार सुरू करायची, उंच टाकी भरायची, गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि फावल्या वेळात पाणीपट्टी, घरपट्टी वसूल करायची, असं त्यांचं तीस वर्षांचं काम. एकदा केव्हातरी विजेचं बिल समोर घेऊन त्यांनी मोटारीचा तासाचा खर्च काढला आणि तेव्हापासून रुपया मोजणं सोडून दिलं. सरपंचबाईंनी स्वातंत्र्यदिनाला मंडप घातला, तर भाऊ म्हणणार, "सहा दिवस उडाले." कोणाच्या लग्नात बँड लागला की नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन सांगणार, "एवढ्यात गावाले दोन महिने पानी भेटलं असतं गा." नवरदेवाचा बाप हात जोडायचा आणि जेवायला बसवायचा.

माझी ओळख झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "महिन्याचे किती भेटते जी तुमाले?" मी ब्रह्मपुरीत कॉलेज केलेली, संगणकाचं सर्टिफिकेट घेतलेली मुलगी. मानधन सांगताना मान जरा खालीच गेली. भाऊंनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "म्हनजे गावाचं एक महिन्याचं पानी. चांगलं काम करा, कम्प्युटरबाई."

त्या दिवसापासून मी कम्प्युटरबाई. पहिले चार दिवस मला राग आला. पाचव्या दिवशी मी मुकाट्यानं तासाच्या खर्चाचा हिशेब संगणकावर करून पाहिला. भाऊंचा आकडा अगदी बरोबर निघाला.

त्यांच्या वसुलीची तऱ्हा तर मी जन्मात विसरायची नाही. थकबाकीदाराच्या दारात भाऊ कधी पैसे मागत नसत. सायकल उभी करायची, ओसरीवर बसायचं आणि घरातल्या बाईला म्हणायचं, "बाई, गिलासभर पानी द्या." आमच्या भागात दारी आलेल्याला पाणी नाही म्हणेल असं घर नाही. पाणी यायचं. भाऊ ते घोटघोट करत, मिटक्या मारत पिणार.

"गोड आहे जी. कुठून आनलं?"

"आपल्याच नळाचं ना, भाऊ."

"हाव का? आपल्याच नळाचं." एवढं बोलून गिलास पालथा घालायचा, आणि चालू पडायचं. पट्टीचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हजर. पुन्हा गिलासभर पाणी, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी घरधनी आधीच पैसे हातात घेऊन ओसरीवर बसलेला असायचा. एका हुशार गड्यानं पाण्याऐवजी ताक दिलं. भाऊंनी ते चवीनं पिऊन विचारलं, "ताकात पानी कोनतं टाकलं?" त्यानं संध्याकाळच्या आत पाणीपट्टी भरली.

पण गाव मोठं, गिलास एक. भाऊ दिवसाला पाच-सहा घरी पाणी पिणार, तेवढ्यात जुनी बाकी वाढलेली असायची. दुसरं दुखणं त्याहून मोठं होतं. वरून निधी येतो तो कामाचं नाव घेऊनच येतो. नालीचा पैसा नालीलाच लावायचा, रस्त्याचा रस्त्यालाच. खात्यात पैसे दिसतात आणि विजेचं बिल भरता येत नाही. ते भरायला गावानं भरलेली पट्टीच लागते. मी एकदा चिडून म्हणाले, "भाऊ, हे काय! पैसे आहेत आणि नाहीतही?" भाऊ म्हणाले, "बाई, नाठाळ ढोराच्या गळ्यात लोढनं बांधते ना, तसं सरकार पैशाच्या गळ्यात लोढनं बांधून पाठवते. त्याले सोडलं तं तो पयले पुढाऱ्याच्या वावरात चराले जाईन. बांधते तेच बरं आहे." मला हे अजिबात पटलं नव्हतं. आता थोडं पटतं.

त्यात आमच्या पंचायतीत एक अजब गोठा होता. गावाबाहेर, रस्त्याला लागून, मोठी धानाची गिरणी. गिरणीवाला शेठ गावातलाच, बोलायला गोड, लग्नाकार्यात सढळ. त्याची ही गिरणी कुठल्या काळी कोणाच्या हातून कोणास ठाऊक, पंचायतीच्या नोंदवहीत 'जनावरांचा गोठा' म्हणून चढलेली. घरपट्टी गोठ्याची. कोणी विषय काढला की शेठ म्हणायचे, "पाहू ना, बसून बोलू." भाऊ तेवढं एक वाक्य ऐकवायचे, "असा गोठा मलेही पायजे जी. ढोर खाते धान अन् देते तांदूळ."

हे सगळं हसण्यावारी चाललेलं होतं तोवर ठीक होतं. मग वैशाखात वीज कंपनीची नोटीस आली. नळाच्या मोटारीचं बिल फार थकलं होतं. त्यातले निदान साठ हजार येत्या बुधवारी चार वाजेपर्यंत भरा, नाहीतर जोडणी तोडू. नोटीस घेऊन आलेला लाइनमन भाऊंच्या ओळखीचा, तो बिचारा खाली मान घालून उभा. त्याचंही काम होतं ते. वैशाखात मोटार बंद म्हणजे चारशे घरांनी दीड किलोमीटरवरच्या नदीतून पाणी आणायचं, आणि नदी तर नुसती वाळू. एरवी विनोद करणाऱ्या भाऊंनी ती नोटीस दोनदा वाचली आणि घडी करून मला परत दिली. त्यांच्या तोंडून तास-मिनिटं काहीच निघालं नाही. तेव्हा मी घाबरले.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. साहेबांनी ठरवलं होतं, जास्तीत जास्त थकलेल्या चाळीस घरांचे नळ तोडायचे. यादी मीच काढली होती. आणि तिच्यात भाऊंचं नाव होतं. चौदा महिन्यांची पाणीपट्टी. वसुली कमी झाली की कर्मचाऱ्याच्या पगारातला सरकारचा वाटाही कमी येतो. भाऊंचा पगार कित्येक महिने अर्धामुर्धा येत होता. मी ते नाव शेवटच्या पानावर शेवटच्या ओळीत ढकललं, आणि साहेब चौथ्या-पाचव्या नावाच्या पुढं जाणार नाहीत अशी देवाला गळ घातली.

साहेबांनी पहिलं नाव वाचताच ओरडा सुरू झाला. माझंच काऊन, त्याचं काऊन नाई! त्या गलक्यात शेठ उठले. त्यांनी पुढं येऊन यादी हातात घेतली, शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि गोड आवाजात म्हणाले, "साहेब, लोकाचे नळ तोडाच्या आधी आपल्या घरातलं पाहा ना. इथी नळवाल्या भाऊचंच नाव आहे."

सगळ्या माना मागं वळल्या. भाऊ मागं कडुनिंबाखाली उभे होते. त्यांनी पगाराची गोष्ट सांगितली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण ते एवढंच म्हणाले, "हाव जी. चौदा महिन्याचे बाकी आहे." आणि सायकलला अडकवलेला पान्हा काढून ते घराकडं चालू लागले.

अख्खी ग्रामसभा त्यांच्या मागं निघाली. मी चपला हातात घेऊन धावत होते. भाऊंच्या अंगणात नळाखाली त्यांची बायको भांडी घासत बसलेली. तिनं वर पाहिलं तर नवरा, पान्हा आणि दीडशे माणसं.

"हे काय जी? गाव घेऊन काऊन आले?"

"आपलं नाव यादीत आहे. नळ तोडाचा आहे."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, आणि पुन्हा हात राखेत घातले. "थांबा मंग. भांडे होऊ द्या."

"होऊ दे."

आणि दीडशे माणसं अंगणात उभी राहून भांडी व्हायची वाट पाहत राहिली! तिनं एकेक ताट खळखळून धुतलं, दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, काठोकाठ भरल्या, पदराला हात पुसले आणि बाजूला झाली. भाऊंनी वाकून पान्हा लावला. एवढ्या वर्षांत त्यांनी गावात कोणाचा नळ तोडला नव्हता. पहिला तोडला तो स्वतःचा. तोटी काढून, पाइपाला बूच मारून त्यांनी ती तोटी साहेबांच्या हातात दिली. साहेबांना ती कुठं ठेवावी कळेना, त्यांनी शर्टाच्या खिशात घातली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

सोमवारी पंचायत उघडायच्या आधीच दाराशी माणसं. मी कुलूप काढते न काढते तोच मागच्या गल्लीतली ढिवराची आजी पुढं आली. तलावातले मासे बाजारात विकून खाणारी बाई. तिनं कमरेच्या पिशवीतून शंभराच्या पाच नोटा काढल्या.

"लिवा बाई. भाऊचं भरून घ्या."

"आजी, भाऊंचं? तुमचीच दोन वर्षांची बाकी आहे ना."

"माह्या नळ कुठी तोडला? भाऊचा तोडला. मी काय डोयानं पाह्यलं नाई का?"

ज्याचा नळ तोडला त्याचं भरायचं, हा तिचा साधा हिशेब. तिच्या मागच्याचाही तोच. त्याच्या मागच्याचाही. ज्यानं त्यानं यावं, टेबलावर पैसे ठेवावेत आणि म्हणावं, भाऊच्या नावानं पावती करा. कोणी पाचशे, कोणी हजार. स्वतःची बाकी ठेवून! मलाही इतका उत्साह चढला की मी विचारच केला नाही. पावतीपुस्तक संपलं, दुसरं काढलं. मंगळवारी दुपारी पस्तीस हजार झाले. मग शेठ गाडीतून आले, पंचवीस हजारांची गड्डी टेबलावर ठेवली, शेजारच्याकडून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "भाऊ म्हनजे गावाचं भूषन. घ्या माह्याकडून. दान म्हनून." साठ हजार पुरे! मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतःच्या पैशानं पेढे मागवले.

भाऊ हे दोन दिवस गावात नव्हते. उन्हाळ्यात नदीची धार विहिरीपासून लांब सरकते. वाळूत चर खणून ती विहिरीकडं वळवावी लागते. दोन मजूर घेऊन ते तिकडंच होते. मंगळवारी ऊन उतरल्यावर आले, गुडघ्यापर्यंत ओल्या वाळूनं माखलेले. मी पेढा पुढं केला आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

त्यांनी पेढा घेतला नाही. बाकावर बसले. "माह्या खात्यावर साठ हजार?"

"हो ना!"

"म्हनजे पन्नास वर्साची पट्टी. मी आता सत्तावन्नचा. एकशे सात वर्साचा होईतोवर नळ पायजेन मले." मी हसले. ते हसत नव्हते. "हा पैसा परत करा जी."

साहेब उडालेच. "भाऊ, उद्या चार वाजता मोटार तुटते! पैसा पंचायतीत आला, बिल भरून मोकळे होऊ. पावतीवर नाव कोणाचं, याला काय महत्त्व?"

"तेच तं महत्त्वाचं आहे, साहेब. हे दान झालं. दान देनारा पुढच्या साली म्हनन, यंदा नाई जमत. मंग काय करान? दरसाली माह्याच नळ तोडान का? गाव दरसाली रडन अन् दरसाली मले पन्नास वर्स देईन?" ते उभे राहिले. आवाज चढला होता; मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पट्टी भरनाऱ्याचं नाव लागते तिले. नाव नाई तं पुढच्या साली मांगाचं कोनाले? मी लिहून देतो, हा पैसा माह्या नाई. ज्याचा त्याच्या नावानं करा, नाई तं परत करा."

साहेबांनी डोकं धरलं. पण खातं भाऊंचं, हरकत भाऊंची. तो पैसा तसा वापरता येणार नव्हता, हे साहेबांना भाऊंपेक्षा जास्त कळत होतं. शेवटी ठरलं: उद्या सकाळपासून जुन्या पावत्या रद्द, नव्या ज्याच्या त्याच्या नावानं. साडेबाराला साहेब पैसे घेऊन तालुक्याला निघणार, आधी बँक, मग बिल.

बुधवारी सातला आम्ही निघालो. पुढं भाऊ, मागं पावतीपुस्तकं छातीशी धरून मी. लोकांना राग आला. का येऊ नये? "भाऊ, तुमच्यासाठी देल्लं, अन् तुमी तोंडावर फेकून राह्यले?" भाऊ प्रत्येकाला तेच सांगत, न कंटाळता: "मले देल्लं असन तं मी तुमाले परत देल्लं. आता तुमच्या नळाचं भरा." ढिवराची आजी तर अडूनच बसली. "माह्या नळाले काय धाड भरली?" भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, आज मोटार तुटली तं माह्या-तुह्या दोघाच्याही नळाले वारा येईन. तुह्या पाचशाची पावती तुह्या नावानं पायजे. मंग कोनी इचारलं तं दाखवता येते." आजीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "लिव मंग. नाव मोठ्या अक्षरात लिव." मी इतकं मोठं लिहिलं की रकाना पुरला नाही.

अकरा वाजता पस्तीस हजारांच्या पावत्या पालटून झाल्या. काहींनी चिडून वर शंभर-दोनशे घातले. माझा हात भरून आला होता आणि पाय जमिनीवर नव्हते! साहेब सकाळी आठपासून डोक्यात हेल्मेट घालून पंचायतीच्या दारात उभे होते. राहिले होते शेठचे पंचवीस हजार.

गिरणीवर जाईपर्यंत मागं पुन्हा निम्मं गाव जमलं. शेठ बाहेर आले. भाऊंनी गड्डी त्यांच्या हातात दिली.

"शेठ, हे तुमचं दान. आता तुमच्या नावाची पट्टी भरा."

शेठ हसले. "माह्या गोठ्याची ना? फाडा पावती, आत्ता भरतो." गोठ्याची पट्टी म्हणजे जेमतेम चारशे रुपये.

"फाडतो जी. पन आधी ढोरं दाखवा."

"काय?"

"गोठा आहे तं ढोरं असन. किती आहे ते लिहा लागते." आणि भाऊ सरळ आत शिरले. त्यांच्या मागं गाव शिरलं. भल्या मोठ्या शेडमध्ये यंत्रं धडधडत होती, हमाल पोती उचलत होते आणि शंभर माणसं पोत्यांच्या थप्प्यांमागं, यंत्रांखाली ढोरं शोधत होती! कोणी हाळी देत होतं. ढिवराच्या आजीनं कोंड्याच्या ढिगात काठी खुपसली आणि "हंबा" केलं. हमालांनी पोती टाकून दिली, हसून हसून त्यांना उभं राहवेना. माझी अवस्था त्याहून वाईट. शेठचा चेहरा लाल झाला होता.

भाऊ मात्र मागच्या अंगाला गेले होते. तिथं धान उकडायच्या टाक्या होत्या, पाण्यानं भरलेल्या. शेठही तिथं पोचले. भाऊ हळू आवाजात बोलले. मी जवळ होते म्हणून ऐकलं.

"तुमची बोर चैतातच आटली. या टाक्यात कोनतं पानी आहे ते मले ठाऊक आहे, शेठ. व्हॉल्व्ह मी फिरवतो. मी तोडलं नाई, अन् तोडनारही नाई. पन चार वाजता मोटार तुटली तं इथीही थेंब येनार नाई. मंग तुमचा अन् माह्या एकच हाल."

शेठनी टाकीतल्या पाण्याकडं पाहिलं. बाहेर अजून कोणीतरी "हंबा" करत होतं. मग शेठलाच हसू फुटलं. खरं हसू, पोट हलवणारं. "लय बेरकी आहे बापा तुमी," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "बाई, कागद आहे का? लिहा, ही गिरनी आहे, गिरनी म्हनून आकारनी करा. मी सही करतो. अन् हे पंचवीस त्याच्यात जमा करा." मी पोत्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. त्यांनी सही केली आणि पावती नीट वाचून खिशात ठेवली. फोटो काढायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

साडेबाराला निघायचं ठरलेलं, सव्वा वाजला होता. साहेब पैसे घेऊन असे सुटले की त्यांच्या मोटारसायकलीची धूळ बराच वेळ रस्त्यावर होती.

तीनपासून आम्ही सगळे टाकीखाली. गावात एकाच ठिकाणी फोनला धड रेंज असते, टाकीच्या वरच्या पायऱ्यांवर. माझा फोन घेऊन भाऊ वर चढले. लाइनमन पकड घेऊन खाली दगडावर बसलेला. साडेतीन झाले. पावणेचार. चारला पाच कमी असताना लाइनमन उठला, पुन्हा बसला, म्हणाला, "माह्यं घड्याळ थोडं पुढं आहे जी." देव त्याचं भलं करो! आणि तेवढ्यात वर फोन वाजला. भाऊंनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि मग टाकीच्या उंचीवरून त्यांचा आवाज आला, पार गिरणीपर्यंत पोचेल असा:

"भरलं!"

खाली नुसता जल्लोष! मी ढिवराच्या आजीला मिठी मारली, ती माशांच्या टोपलीसकट. लाइनमनसुद्धा नाचला. भाऊ वरच बसून राहिले होते, कठड्याला धरून. खाली यायला त्यांनी चांगला अर्धा तास लावला. मला वाटतं, ते रडत असावेत. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांचा नळ मात्र तुटलेलाच होता. साहेब म्हणाले, जोडून घ्या. भाऊ म्हणाले, पगार येईल तेव्हा. महिनाभर त्यांची बायको शेजारच्या नळावरून गुंड भरून आणत होती आणि येता-जाता नवऱ्याला ऐकवत होती. वसुली वाढली तशी पगाराची वाट मोकळी झाली. पैसे हातात पडले त्याच दिवशी भाऊ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले, कोणीही गावकरी उभा राहतो तसे. चौदा महिन्यांचे, वर नळ जोडायच्या फीचे. साहेब म्हणाले, "फी राहू द्या हो, माफ करतो." भाऊ म्हणाले, "मंग शेठ म्हनन मलेही माफ करा. घ्या जी." मी पावती दिली. साहेबांनी टेबलाच्या खणातून तोटी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी अकराला भाऊंची बायको पंचायतीत आली. पदर खोचलेला. भाऊ बाकावर बसले होते. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडं आली.

"बाई, तक्रार लिहून घ्या. महिनाभर शेजारनीच्या नळाले पानी भरलं तवा समजलं, तिची धार मनगटाएवढी अन् आमची करंगळीएवढी. तीस वर्स मले वाटे, नळ असाच असते. पट्टी पुरी भरली आमी, पावती आहे." तिनं पावती टेबलावर ठेवली. "नळवाला कोन आहे तुमचा? काय करते तो दिवसभर?"

मी भाऊंकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी टाकीखालच्या जल्लोषातही पाहिलं नव्हतं. ते उठून उभे राहिले, बायकोसमोर आले आणि टोपी सारखी केली.

"मी आहे जी नळवाला," ते म्हणाले. "कम्प्युटरबाई, नीट लिहून घ्या. चला बाई, दाखवा कुठी आहे घर."

आणि पान्हा घेऊन ते तिच्या मागं मागं निघाले.